चाक खड्ड्यात आपटले. चतुर्थीला गाडी न्यावी का?

पत्राचा सारांश: डिचोली तालुक्यातील एका शिक्षिकेने लिहिले आहे. घरची गाडी सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली असून तिला आता सव्वातीन वर्षे झाली आहेत. पती जहाजावर नोकरीला असल्याने अनेक महिने घराबाहेर असतात आणि गाडी बहुतेक याच चालवतात. जुलैमधील एका संध्याकाळी शाळेतून परतताना मुसळधार पावसात साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि डाव्या बाजूचे पुढचे चाक जोरात आपटले. अलॉय रिमची कड वाकली, टायरच्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा फुगा आला, आणि गाडी साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरू लागते. ओळखीच्या मेकॅनिकने रिम ठोकून सरळ करून दिली आणि हवा राहते आहे तोवर चालवा, चतुर्थी झाल्यावर बघू, असे सांगितले. ते चाक स्टेपनीच्या जागी ठेव आणि स्टेपनी पुढे लाव, असे पतीने फोनवरून सुचवले. सासरे काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून किल्ली स्वतःकडे ठेवतात आणि शाळेच्या वेळेला मागितली तरच देतात. चतुर्थीनंतर सगळ्यांना चोर्ला घाटातून बेळगावला नणंदेकडे जायचे आहे. वाचक विचारतात, की चूक आपलीच असल्यामुळे कोणाला न सांगता आपल्या पगारातून खर्च करून विषय संपवावा का, विमा असताना क्लेम का करू नये, आणि रस्त्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्याकडून भरपाई मागता येते का?

ताई,

तुमचे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांची उत्तरे मी पुढे देणार आहे. त्याआधी मात्र एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती चतुर्थीपर्यंत थांबण्यासारखी नाही. फुगा आलेला टायर आजही गाडीला असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. शाळेला जाण्यासाठी नको आणि टायरवाल्याकडे नेण्यासाठीही नको. घराच्या अंगणातच स्टेपनी चढवून घ्या आणि मगच गाडी हलवा. हवा टिकून आहे म्हणजे चाक चालण्याजोगे आहे, असे तुमच्या मेकॅनिकने गृहीत धरले, आणि तुम्ही व तुमच्या पतींनीही ते नकळत मान्य केले. बाकीचे सगळे बेत याच समजुतीवर उभे आहेत, म्हणून आधी तीच तपासून पाहू.

टायर नुसत्या रबराचा नसतो. मोटारीच्या रेडियल टायरमध्ये रबराच्या आत पॉलिस्टरसारख्या चिवट धाग्यांचा थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला असतो, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली त्यावर पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत हे पोलादी पट्टे नसतात. तिथे हवेचा दाब धरून ठेवण्याचे काम धाग्यांवरच असते. चाक खड्ड्यात उतरून पलीकडच्या कडेवर आदळते, तेव्हा ही भिंत खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये चेंगरते, आणि आघात मोठा असेल तर आतले धागे तुटतात. बाहेरचे रबर लवचीक असल्यामुळे ते बहुधा फाटत नाही. मग जिथे धागे उरले नाहीत तिथे आतली हवा रबराला बाहेर ढकलते आणि आपल्याला फुगा दिसतो. तुमच्या टायरमध्ये हवा राहते आहे, याचा अर्थ रबर अजून फाटलेले नाही एवढाच आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो भाग दबतो, पुन्हा ताणला जातो आणि तापतो. तो महिनाभराने फुटेल की उद्या सकाळी, हे कितीही अनुभवी माणूस नुसते पाहून सांगू शकत नाही. पाच माणसे आणि सामान भरलेली गाडी घाटाच्या वळणावर असताना पुढचे चाक फुटले, तर गाडी त्या बाजूला ओढली जाते आणि सावरायला रस्ताही उरत नाही.

फुगा दुरुस्त होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. आतून पॅच लावून, ट्यूब घालून किंवा हवा कमी ठेवून तुटलेले धागे जुळत नाहीत. हवा कमी ठेवली तर बाजूची भिंत जास्तच दबते आणि धोका वाढतो. पंक्चर काढता येते ते रस्त्याला टेकणाऱ्या भागातले, बाजूच्या भिंतीतले नव्हे. इतर वाचकांसाठी एक खुलासा करतो, कारण त्यावरून उगाच घाबरणारेही पुष्कळ भेटतात. बाजूच्या भिंतीवर एखादी उभी, आत गेलेली बारीक खळगी दिसली तर ती बहुधा धाग्यांचा थर जिथे एकमेकांवर जोडला जातो तिथली असते आणि तिचा काही त्रास नसतो. बाहेर आलेला उंचवटा तेवढा वाईट. डोळ्यांनी नीट दिसत नसेल तर टायर कोरडा करून बाजूच्या भिंतीवरून तळहात सावकाश फिरवावा. उंचवटा हाताला लगेच लागतो. आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पोटाकडच्या भिंतीवरही तसाच हात फिरवावा, कारण तिथला फुगा चाक काढल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता रिमबद्दल. तुमच्या मेकॅनिकने वाईट हेतूने काही केले असे मला वाटत नाही. साध्या पोलादी रिमची कड वाकली तर ती ठोकून सरळ करण्याची रीत जुनी आहे, आणि पोलाद ते बऱ्याच अंशी सहन करते. अलॉय रिम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, बहुतेक वेळा ओतीव असते, आणि ती वाकण्यापेक्षा तडकण्याकडे झुकते. तिच्यावर हातोडा चालवला किंवा ती गॅसवर तापवून सरळ केली, की कड दिसायला गोल होते, पण आत बारीक तडा राहू शकतो आणि तापवल्यामुळे धातूची ताकदही कमी होते. रिम ठोकून घेतल्यानंतरही स्टिअरिंग थरथरते, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचा अर्थ एकतर रिम अजून वाकडीच आहे, किंवा थरथर टायरमुळे आहे, किंवा दोन्हींमुळे.

याची शहानिशा करणे फारसे अवघड नाही. चाक गाडीवरून उतरवून बॅलन्सिंगच्या मशिनवर नुसते फिरवायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहून पाहा. रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कडा एका जागी स्थिर फिरतात की वरखाली आणि डावीउजवीकडे डुलतात, हे मिनिटभरात दिसते. खड्ड्याच्या मारात बाहेरच्या कडेपेक्षा आतली कड वाकलेली पुष्कळदा सापडते, आणि ती गाडीबाहेर उभे राहून कधीच दिसत नाही. त्यानंतर टायर उतरवून रिम पुसून घ्या आणि वाकलेल्या जागेभोवती, विशेषतः आतल्या बाजूला आणि जिथे आरे रिमला मिळतात तिथे, चांगल्या उजेडात केसासारखी रेघ दिसते का ते पाहा. तडा असेल तर रिम बदलायची, वेल्डिंग करून घ्यायची नाही. वेल्डिंगने हवा जाणे थांबेल, पण जोडाच्या शेजारचा धातू त्या उष्णतेने मऊ पडतो आणि पुढचा खड्डा त्यालाच सोसावा लागतो. तडा नसेल, वाक किरकोळ असेल आणि तो फक्त कडेपुरता असेल, तर हायड्रॉलिक मशिनवर रिम सरळ करून देणाऱ्या दुकानातून ती करून घेणे चालू शकते. तुमची रिम मात्र एकदा ठोकली गेली आहे, म्हणून तुमच्या जागी मी असतो तर नवीनच घेतली असती.

चाकाइतकेच त्याच्यामागे काय आहे हेही पाहून घ्या. टायर फोडणारा आणि रिम वाकवणारा आघात तिथेच थांबत नाही. तो चाकाला गाडीशी आणि स्टिअरिंगशी जोडणाऱ्या भागांपर्यंत, म्हणजे लोअर आर्म, त्याचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, शॉकअॅब्सॉर्बर आणि चाकाचे बेअरिंग यांच्यापर्यंत पोहोचतो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग सरळ धरले असताना तिरके दिसते का, गतिरोधकावरून जाताना पुढून खट्‌ असा आवाज येतो का, वेग वाढेल तसा घूं घूं आवाज वाढतो का, या गोष्टी गॅरेजमध्ये स्वतःहून सांगा. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वाकलेले किंवा सैल झालेले भाग बदलायचे, मग टायर आणि रिम, मग बॅलन्सिंग आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. अलाइनमेंट आधी करून घेतली आणि नंतर टाय रॉड बदलला, तर पहिले पैसे वाया जातात आणि गाडी पुन्हा मशिनवर चढवावी लागते.

तुमच्या पतींच्या सूचनेतला अर्धा भाग बरोबर आहे: खराब चाक पुढून काढलेच पाहिजे. ते स्टेपनीच्या जागी ठेवणे मात्र मला अजिबात पसंत नाही, कारण मग गाडीत स्टेपनी आहे असा फक्त समज राहतो. पावसात, अंधारात, घाटात दुसऱ्या चाकाची हवा गेली तर तुम्ही फुगा आलेला टायर चढवून पुढे जाणार आहात का? शिवाय अलॉय रिम असलेल्या पुष्कळ गाड्यांना कंपनीची स्टेपनी पोलादी आणि लहान मापाची दिलेली असते, आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते. तशी स्टेपनी टायरवाल्यापर्यंत जाण्यासाठी आहे. ती पुढच्या चाकाला लावून महिनाभर शाळेला ये-जा करणे बरे नाही. तुमच्या स्टेपनीचे माप आणि बाकीच्या टायरांचे माप एकच आहे का, ते बाजूच्या भिंतीवरचे आकडे वाचून आजच ताडून पाहा, आणि तिच्यातली हवाही तपासा, कारण सव्वातीन वर्षांत ती कोणी पाहिली असेल याची मला खात्री नाही.

नवीन टायर एक घ्यावा की दोन, हे दुसऱ्या बाजूचा टायर किती झिजला आहे त्यावर ठरवा. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते, पण गोव्यातल्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि ब्रेक लांब लागतो. उजवा टायर अजून चांगला असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा आणि त्याच नक्षीचा एकच टायर पुरेसा आहे. तो अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर जोडीने दोन घ्या आणि नवी जोडी मागे लावायला सांगा, कारण ओल्या रस्त्यावर गाडीचे मागचे अंग घसरले तर सावरणे सर्वांत कठीण असते. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. 2325 असेल तर टायर 2025 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला आहे. दोन-अडीच वर्षे दुकानात पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. पत्रात तुम्ही तीन वेळा चूक माझीच, असे लिहिले आहे. मला ते पटत नाही. पाऊस जोरात होता, रस्त्यावर पाणी साचले होते आणि पाण्याखाली किती खोली आहे हे कोणाच्याही डोळ्यांना दिसले नसते. अशा पावसात वेग आणखी कमी ठेवता आला असता का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो तुम्ही स्वतःला जरूर विचारा. पण त्यावरून आपल्याला गाडी चालवता येत नाही, किंवा आपल्याला परवाना मिळून दोनच वर्षे झाली म्हणून हे घडले, असा निष्कर्ष काढण्याला काही आधार नाही. वीस वर्षे गाडी चालवलेली माणसे दर पावसाळ्यात हेच नुकसान घेऊन टायरच्या दुकानात येतात. घरातल्या एखाद्या पुरुषाच्या हातून हाच खड्डा बसला असता, तर त्या रात्री जेवताना रस्त्याच्या अवस्थेवर चर्चा झाली असती. तुमच्या बाबतीत ती चालकाच्या क्षमतेवर आली, आणि तुम्हीही ती निमूटपणे तशी येऊ दिलीत.

गुपचूप पैसे भरून विषय संपवू नये असे मला वाटते, ते या मानापमानापेक्षा एका साध्या कारणासाठी. गाडी घरातले तिघे वापरतात. चाकाला काय झाले, काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. उद्या सासऱ्यांनी सकाळी बाजाराला जाण्यासाठी गाडी काढली आणि तोच टायर पुढे असला, तर तुमच्या मौनाचा त्रास त्यांना होईल. त्यांच्या अबोल्याचा अर्थही तुम्ही एकट्याने लावला आहे. आयुष्यभराच्या पुंजीतून घेतलेली गाडी बिघडल्याचे त्यांना वाईट वाटले असेल, किंवा पावसात सून एकटी अडकली होती या विचाराने ते धास्तावले असतील. विचारल्याशिवाय कळणार नाही. माझी सूचना अशी आहे की त्यांना सोबत घेऊन टायरवाल्याकडे जा. टायर रिमवरून उतरवल्यावर तुटलेल्या धाग्यांची जागा आतून त्यांना दाखवा, मशिनवर डुलणारी रिम दाखवा. खर्चाचा वाटा उचलायचा असेल तर तो अवश्य उचला, गाडी तुम्ही वापरता. पण तो त्यांच्यासमोर, ठरवून उचला.

विम्याच्या प्रश्नावर घाई करू नका, आधी कागद काढा. पॉलिसी फक्त तृतीय पक्षाची असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल, तर खासगी गाडीच्या प्रमाणित अटींप्रमाणे एकट्या टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच आघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. धातूच्या भागांच्या किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापली जाते, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो 25 टक्के आहे. याशिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये प्रत्येक क्लेममध्ये तुम्हाला स्वतः सोसावे लागतात.

समजा, रिम 9,000 रुपयांची आणि टायर 6,000 रुपयांचा आहे. खर्च झाला 15,000. विमा कंपनी रिमचे 6,750 आणि टायरचे 3,000 धरेल, त्यातून 1,000 वजा होतील आणि हातात 8,750 येतील. आता दुसरी बाजू पाहा. तुम्ही आजवर एकही क्लेम केलेला नसेल, तर चौथे वर्ष पूर्ण झाल्यावर नूतनीकरणाला 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये सवलत, मिळणार आहे आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के. आज क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा 20, 25, 35 अशा पायऱ्या चढाव्या लागतात. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीआधी 10,000 रुपये आहे असे धरले, तर पहिल्या वर्षी 4,500, दुसऱ्या वर्षी 3,000 आणि तिसऱ्या वर्षी 2,500 रुपये जास्त जातील. तीन वर्षांतच मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त रक्कम परत गेलेली असेल. म्हणून नुकसान फक्त चाकापुरते असेल तर क्लेम न करणे मला हिताचे वाटते. लोअर आर्म, शॉकअॅब्सॉर्बर, बेअरिंग असे भाग निघाले आणि खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात गेला, तर हिशेब उलटतो आणि मग क्लेम जरूर करावा. टायर आणि रिमसाठीचे वेगळे संरक्षण जोडून घेतलेले असेल तर त्याच्या अटी वाचा. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याचे जोड संरक्षण, असेल तर रिमचा घसारा वाचतो, पण टायर बहुतेक पॉलिसींमध्ये त्याच्याबाहेरच असतो.

क्लेम करायचा ठरला तर एका अटीकडे लक्ष द्या, जिच्यामुळे अनेकांचे दावे अडतात. अपघातानंतर आवश्यक दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या जबाबदारीवर असते, असे पॉलिसीतच लिहिलेले असते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने नुकसान पाहण्याआधी काही उघडू किंवा बदलू नये हाही नियम आहे. तुमची रिम आधीच ठोकली गेली आहे आणि काही दिवसही उलटले आहेत, म्हणून कंपनीला कळवताना ही गोष्ट लपवू नका. त्या दिवसाचे फोटो आणि मेकॅनिकची पावती असेल तर सोबत द्या. ज्यांचे चाक आज खड्ड्यात आपटले आहे त्यांनी चाकाचा, खड्ड्याचा आणि आजूबाजूची खूण दिसेल असा एक फोटो काढून त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे.

भरपाईचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण इथे तुमचा राग योग्य आहे आणि मार्ग लांबचा आहे. चांगल्या अवस्थेतले रस्ते मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटले आहे. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये महाराष्ट्रातील संस्थांना खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये आणि जखमींना 50,000 ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण हा आदेश माणसांच्या जीविताबद्दल आहे, गाडीच्या चाकाबद्दल नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198अ रस्ता बांधणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तेही मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच लागू होते. चाकाच्या नुकसानीसाठी दिवाणी दावा करता येतो, मात्र सरकारविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि पंधरा हजारांसाठी वकील, तारखा आणि पुरावे यांचा भार तुम्हाला परवडेल असे मला वाटत नाही.

तरीही तक्रार करा. ती पैसे मिळावेत म्हणून करू नका, तो खड्डा बुजावा म्हणून करा, कारण त्याच पाण्याखालच्या खड्ड्यात उद्या एखादा दुचाकीस्वार जाईल आणि त्याचे नुकसान चाकावर थांबणार नाही. गोव्यात मोटारींपेक्षा दुचाकीवरून फिरणारी माणसे कितीतरी जास्त आहेत. गावातली मुले खड्ड्यात झाडाची फांदी खोचून ठेवतात ती यांच्यासाठीच. आधी रस्ता कोणाचा आहे ते शोधा. गावातला अंतर्गत रस्ता पंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे असू शकतो, राज्य आणि जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा) असतात, आणि राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा मदत क्रमांक आहे. जलवाहिनी किंवा भूमिगत केबलसाठी खोदलेला चर नीट न भरल्यामुळे खड्डा झाला असेल, तर खोदणाऱ्या खात्याचाही उल्लेख करा. तक्रार लेखी द्या, फोटो जोडा, जवळची ओळखीची खूण लिहा आणि पोच घ्या.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात चारच गोष्टी विचारा: या रस्त्याचे डांबरीकरण शेवटचे कधी झाले, कंत्राटदार कोण होता, दोष दायित्व कालावधी (काम बिघडल्यास कंत्राटदार जबाबदार असतो ती मुदत) कधीपर्यंत आहे, आणि त्या कालावधीत दुरुस्तीसाठी त्याला कधी कळवले. उत्तर 30 दिवसांत यावे लागते. कालावधी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि ही माहिती कागदावर आली की ग्रामसभेत किंवा आमदारांकडे बोलायला ठोस आधार मिळतो. गोव्यात पावसाळ्यात साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. बाजूचे गटार तुंबले की पाणी रस्त्यावर थांबते, भेगांतून खाली झिरपते, खालचा थर मऊ होतो आणि वरून जाणारे प्रत्येक जड वाहन डांबर उखडत नेते. भर पावसात हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचे मिश्रण, टाकता येत नाही हे खरे आहे, म्हणून तात्पुरत्या बुजवणीवर समाधान मानावे लागेल. पण गटार साफ करायला पाऊस थांबण्याची गरज नाही, आणि तुमच्या अर्जात त्याची मागणी वेगळी लिहा.

पुढच्या पावसासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. साचलेल्या पाण्यात शिरण्याआधीच वेग कमी करा आणि पुढची गाडी कुठे खाली बसते ते पाहा. खड्डा चुकणारच नाही असे दिसले तर आपटण्याच्या क्षणी ब्रेकवरचा पाय काढा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकते आणि सगळा भार त्याच चाकावर येतो. शेजारी दुचाकी असेल तर स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. चाक बदलता येते.

बेळगावच्या प्रवासासाठी वेळ थोडा आहे. अलॉय रिमची नेमकी रचना दुकानात नेहमी तयार नसते, मागवावी लागते, आणि चतुर्थीच्या आठवड्यात गॅरेजे बंद असतात, त्यामुळे ऑर्डर याच आठवड्यात द्या. नवीन चाक बसल्यावर साधारण 50 ते 100 किलोमीटर चालवून नट पुन्हा पान्याने आवळून घ्या आणि साखळी शहरापर्यंत एक फेरी मारून थरथर पूर्ण गेली आहे का ते पाहा. चोर्ला घाटात या दिवसांत धुके दाट असते, म्हणून निघताना सकाळचा उजेड होऊ द्या. रिम वेळेत आली नाही, तर लहान मापाच्या स्टेपनीवर घाट चढू नका. कदंब परिवहनच्या बसने बेळगावला जा, किंवा नणंदेच्या घरच्यांना चतुर्थीसाठी तुमच्याकडेच बोलवा.